डाव्या चाकाचा सांधा

काचवाल्याने पिकअप विकायला काढली, तेव्हा त्याच्या बायकोला आधी वाटलं, माणूस चेष्टा करतोय. सकाळी उठल्यावर आधी गाडीचं तोंड पुसायचं आणि मग स्वतःचं धुवायचं, अशी वीस वर्षं ज्याची रीत, तो जेवताजेवता म्हणतो, "कंटाळा आला आता." कंटाळा यायला तो काय साहेब होता? त्याच्या गाडीच्या पाठीवर तिरकी लाकडी चौकट होती, तिला जाड घोंगडी ठोकलेली, आणि त्या चौकटीला टेकवून त्याने वीस वर्षं अख्ख्या शहराच्या खिडक्या वाहून नेल्या होत्या. इतक्या वर्षांत फुटलेल्या काचा सात. प्रत्येक कुठे फुटली आणि का, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा, आणि सातही वेळा चूक त्याचीच असायची. दूध उतू गेलं तरी "माझंच लक्ष नव्हतं" म्हणणारा तो, मग ते दूध शेजाऱ्यांचं का असेना.

खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. गेले चार महिने त्याचे हात थरथरत होते. गाडी पन्नासच्या पुढे गेली की स्टिअरिंगवर धरलेली बोटं बारीक बारीक कापायला लागत, मग मनगटं, मग थेट कोपरापर्यंत मुंग्या. पाठीमागे काचा किणकिणत. तो वेग कमी करायचा, कापरं थांबायचं, आणि तो मनाशी म्हणायचा, आलं ते आलंच.

कारण हे त्याच्या घरात आधी येऊन गेलं होतं. त्याचे वडील ट्रक चालवायचे. बावन्नाव्या वर्षी एके दिवशी ते घरी आले, किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "हात गेले." एवढंच. ट्रक पंधरा दिवसांत विकला गेला आणि वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले. मांडीवर हात ठेवून एकोणीस वर्षं बसले. काचवाल्याला गेल्याच महिन्यात बावन्न पूर्ण झाली होती.

घरी बसल्याजागी हात थरथरतात का, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. हिंमतच झाली नाही. ज्याला भीती वाटते तो तपासत बसत नाही, खिशात हात घालून फिरतो. काचवाला चार महिने खिशात हात घालून फिरत होता. बायकोला ते दिसत होतं. विचारलं की तो हवापाण्याच्या गप्पा काढायचा, म्हणून तिने विचारणं सोडलं होतं आणि रात्रीची झोपही.

गाडी घेणार होता तिचाच भाऊ. व्यवहाराच्या बाबतीत तो रोखठोक. "भावोजी, घरातली गाडी असली तरी एकदा मेकॅनिकला दाखवा," तो म्हणाला होता. "संध्याकाळी इकडे या, कागदांवर सह्या करून टाकू." म्हणून त्या दुपारी नवरा-बायको गॅरेजवर आले. कागदांची पिशवी बायकोच्या मांडीवर होती.

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. मधले दोन पत्रे पारदर्शक होते, त्यातून उजेडाचा एक चौकोन खाली पडायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत जायचा. गॅरेज चालवणारी बाई पस्तिशीची, उंच, मुलखाची शांत. तिच्या वडिलांच्या हाताखाली शिकली होती आणि आता वडिलांपेक्षा सावकाश काम करायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण दुसरीकडे जायची नाहीत. तिने पिकअप बरोबर उजेडाच्या चौकोनात घेतली, जॅक लावला, दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या सरकवल्या. पुढची चाकं जमिनीपासून वीतभर वर तरंगायला लागली.

तिने डावं चाक दोन्ही बाजूंनी धरलं आणि हलवलं. पुन्हा हलवलं. मान तिरकी करून जरा वेळ तशीच थांबली.

"काकू, जरा आत बसता?" ती म्हणाली. "स्टिअरिंग हलकेच डावीकडे, उजवीकडे करत राहा. फार नाही, बोटभर."

"मी?" बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत ती त्या सीटवर बसली नव्हती. एरवी काचवाला मध्ये पडला असता, पण गाडी आता त्याची राहिली होती कुठे? त्याने नुसती मान हलवली.

ती वर चढली, साडी सावरून बसली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि बोटभर फिरवलं. डावीकडे. उजवीकडे. समोरच्या काचेतून उजेड तिच्या तोंडावर आला. गाडी जागची हलत नव्हती, तरी तिला वाटलं, कुठून तरी वारा येतोय. समोर भिंतीवर जुने टायर टांगले होते, ते हळूच मागे सरकत चाललेत असं वाटलं. मग भिंतही गेली. लांब, कोरा, माणूस नसलेला रस्ता, आणि ती एकटी चालवतेय, कुठे ते तिलाही ठाऊक नाही. बरं वाटलं तिला. चार महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

"काका, तुम्ही या इकडे खाली," गॅरेजवाली गाडीखालून म्हणाली.

"मी कशाला?"

"या तर खरं."

जमिनीवर पुठ्ठा अंथरला होता. काचवाला उताणा झाला आणि सरपटत आत गेला. गाडी त्याने खालून हजारदा पाहिली होती, पण अशी कधी नाही. खालची हवा गार होती. ग्रीसचा, मातीचा, गरम लोखंडाचा वास. वर गाडीचं पोट आभाळासारखं पसरलेलं आणि त्या आभाळात लांब दांडे, नळ्या, सांधे मंद हलत होते, इकडे, तिकडे. त्याची बायको ते हलवत होती. पाण्याखाली पडून वरून जाणाऱ्या होडीकडे बघावं तसं त्याला वाटलं. इथेच झोपून राहावं, सह्या नकोत, काही नको.

गॅरेजवालीने त्याचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा एका सांध्यावर ठेवला. स्टिअरिंगकडून आलेला दांडा जिथे चाकाला मिळतो, तो सांधा. "दाबू नका. नुसता ठेवा."

डावीकडे. टक्. उजवीकडे. टक्.

तळहाताखाली काहीतरी ठोकत होतं. बारीक, पण स्पष्ट, पडायला आलेला दात जिभेने हलवावा तसं. दांडा आधी सरकायचा आणि चाक मागाहून, विचार करून, त्याच्यामागे जायचं.

"टाय रॉडचा सांधा," ती म्हणाली. "वरचं रबर फाटलंय, पाणी शिरलं आणि आतली गोळी झिजून गेली. आता ती वाटीत खुळखुळतेय. पन्नास-साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरत असणार हो. तुम्ही बोलला कसे नाहीत?"

"ग्रीस मी स्वतः भरतो," तो कसाबसा म्हणाला.

"याला भरताच येत नाही, हा बंदच येतो. पण थरथरतं की नाही?"

काचवाला पडल्यापडल्या वर बघत राहिला. टक्. टक्.

"मला वाटलं, हात थरथरतात," तो म्हणाला.

वरचं स्टिअरिंग थांबलं. सगळे दांडे जागच्या जागी थांबले. मग बायकोचा आवाज आला, हळू, पण दोघांनाही ऐकू गेला. "म्हणून विकताय होय?"

त्याचा पंजा सांध्यावर तसाच होता.

"काकू, थांबू नका," गॅरेजवाली म्हणाली. "अजून उजवी बाजू बघायचीय."

उजवी बाजू ठणठणीत निघाली. डावीकडचा सांधा काढायला ती बसली, ती कुणी ओवी म्हणत जात्यावर बसावं तशी. चाक उतरवलं. पिन सरळ करून ओढली, नट ढिला केला, आणि जिथे सांधा अडकला होता त्या लोखंडाच्या कानावर बाजूने हातोडा घातला. दोन घाव फुकट गेले, तिसऱ्याला सांधा सुटून लोंबायला लागला. आता तो दांड्यावरून फिरवून काढायचा होता.

"काकू, खाली या आणि मोजा. जितके वेढे निघतील तितकेच नव्याला द्यायचे. हिशेब चुकला तर चाक तोंड वाकडं करून चालतं."

बायको पुठ्ठ्याच्या कडेला उकिडवी बसली आणि मोठ्यांदा मोजायला लागली. एक. दोन. तीन. एकही आकडा चुकला नाही. साडेसतरा. गॅरेजवालीने तो निकामी सांधा काचवाल्याच्या हातात दिला. मुठीएवढा, काळा, वर करंगळीसारखा निघालेला दांडू. त्याने तो हलवला तर चहूकडे लुळा पडत होता. हा एवढासा, आणि चार महिने याने आपल्याला मारून ठेवलं होतं! त्याला राग यावा तर हसू आलं. नवा सांधा चढताना तिघंही एका सुरात मोजत होती.

"उद्या अलाइनमेंट करून घ्या," हात पुसत गॅरेजवाली म्हणाली. "आत्ता गोदामांच्या मागच्या रस्त्याने साठपर्यंत नेऊन बघा."

तो रस्ता सरळसोट आणि रिकामा होता. ऊन कलतं झालं होतं, गोदामांच्या लांब भिंती पिवळ्या पडल्या होत्या. बायको शेजारी बसली होती, कागदांची पिशवी पायाशी घसरून पडली होती. चाळीस. पन्नास. काचवाल्याने श्वास धरला. पंचावन्न. साठ. स्टिअरिंग त्याच्या हातात झोपलेल्या मांजरासारखं पडून होतं. त्याने एक हात काढून डोळ्यांसमोर धरला, मग तो ठेवून दुसरा धरला. स्थिर. दगडासारखे स्थिर. तो मोठ्याने हसला, बायकोही हसली आणि हसताहसता पदराने डोळे पुसायला लागली.

"भावाला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"सांग, कंटाळा गेला."

"चार महिने मी देव पाण्यात घालून बसले आणि तुम्ही... एका शब्दाने बोलायचं होतं हो. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"चुकलं," तो म्हणाला. या खेपेला खरोखरच चुकलं होतं.

गाडी जात राहिली. भिंती सरकत राहिल्या. एक ट्रक समोरून आला आणि अगदी रेषेत, सरळ, शेजारून निघून गेला. काचवाल्याने आरशात तो लहान होईपर्यंत पाहिला. आणि का कोण जाणे, त्याला वडिलांचा विकलेला ट्रक आठवला. नव्या मालकाने तो आधी गॅरेजला नेला होता, आणि त्याचा रोजचा रस्ता त्यांच्या घरावरूनच होता. अकरा वर्षं तो ट्रक खिडकीसमोरून जायचा, भरधाव आणि सरळ. वडील खुर्चीतून त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघ, हात चांगले आहेत त्याचे."

काचवाल्याचा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून निघाला. वेग कमी झाला.

मग त्याला आई आठवली. आई उशांचे अभ्रे शिवायची, आणि उतारवयात तिला सुईचं नाक दिसेना. दिवसातून चार वेळा ती सुई-दोरा घेऊन खिडकीपाशी जायची. घरात कुणी वडिलांच्या हातात भरला पेला देत नव्हतं, दिवा लावू देत नव्हतं, नातवाला घेऊ देत नव्हतं. हात गेलेत ना त्यांचे. पण सुई आई त्यांच्याकडेच द्यायची, कारण दुपारचं घरात दुसरं कुणी नसायचं. वडील सुई उजेडात धरायचे, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचे आणि ओवायचे. पहिल्याच खेपेला. मरायच्या आदल्या वर्षापर्यंत. सुट्टीच्या दिवशी घरी असला की काचवाल्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं, शंभरदा पाहिलं होतं.

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?" बायकोने घाबरून विचारलं. "परत थरथरलं का?"

"नाही." त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले, आणि लगेच, चटका बसल्यासारखे, पुन्हा उचलले. "बाबांचे हात चांगले होते गं," तो म्हणाला. "त्यांना कुणी गाडीखाली बोलावलंच नाही."