तिसऱ्या थेंबानंतर

परीक्षकांनी परीक्षानळी उजेडात धरली आणि तिच्या बुडाशी चिकटलेला किमतीचा कागद नखाने खरवडायला सुरुवात केली.

"नव्या दिसताहेत."

"जुन्या फुटतात हो मुलांकडून," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. आपण इतक्या सफाईने खोटं बोलू शकतो याचं त्यांना जरा कौतुकच वाटलं.

नळ्या काल संध्याकाळी आल्या होत्या, रसायनं आज सकाळी. त्याआधीची तीन वर्षं या प्रयोगशाळेत काचेचं एकही भांडं नव्हतं, त्यामुळे फुटण्याचा प्रश्नच नव्हता. तीन वर्षांपूर्वी शिक्षण खात्याने तिची ई-प्रयोगशाळा केली. म्हणजे बेसिनवर प्लायवूड ठोकून त्यावर प्रोजेक्टर बसवला, समोरच्या भिंतीवर पडदा लावला आणि एक पेनड्राइव्ह दिला. त्यात बाराही प्रयोगांच्या फिल्म होत्या. मुलं खूश, पालक खूश. मुख्याध्यापक तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पडदा वरखाली करून दाखवायचे. हाताने प्रयोग करणं तेवढं या गडबडीत राहून गेलं.

आता प्लायवूड निघालं होतं, पडदा गुंडाळला होता आणि टेबलावर एक प्रमाणपत्र होतं. 'प्रत्येक विद्यार्थ्याने बारा प्रयोग स्वहस्ते केले आहेत.' खाली बाईंची सही. शेजारची जागा परीक्षकांसाठी रिकामी. परीक्षक म्हणजे पलीकडच्या शाळेतले विज्ञानाचे सर. कडक म्हणून त्यांची ख्याती होती. ती सही झाली नाही तर सव्वीस मुलांचं वर्ष बुडणार होतं, आणि त्यांच्या मागोमाग बाईंची नोकरी.

"करा सुरू," सर म्हणाले.

सव्वीस ड्रॉपर उचलले गेले. नळीतल्या आम्लात दर्शक घालायचा, मग आम्लारीचा एकेक थेंब. गुलाबी रंग आला की संपलं. पहिला थेंब. दुसरा. बाईंनी रोखलेला श्वास सोडला. पोरं बरी करत होती की. तिसरा.

आणि सगळा वर्ग थांबला.

सव्वीस ड्रॉपर, सव्वीस नळ्यांवर, अधांतरी. कोणी हलेना. तीन वर्षांनी मोकळा झालेला बेसिनचा नळ तेवढा ठिबकत राहिला. त्याने फिल्म पाहिलेली नव्हती.

बाईंना कारण लगेच कळलं. फिल्ममध्ये तिसऱ्या थेंबानंतर चित्र अडकायचं. अकरा सेकंद. कॉम्प्युटरवाल्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला होता, "फाइलच तशी आलीय, बाई. सगळ्या शाळांना हीच गेलीय. पुढे सरकतं ना चित्र? मग झालं तर!" तेव्हापासून त्या अकरा सेकंदांत बाई पाणी पिऊन घ्यायच्या. हे अडकणं आहे, प्रयोग नव्हे, एवढं मुलांना सांगायचं मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

सर पहिल्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. तिथल्या मुलीला सगळी शाळा वकीलबाई म्हणायची.

"का थांबलीस?"

"थांबायचं असतं, सर."

"कोणी सांगितलं?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने बाईंकडे पाहिलं नाही. वही उघडून सरांपुढे सरकवली. कृती, मुद्दा पाचवा: 'तिसऱ्या थेंबानंतर अकरा सेकंद थांबावे.' समोर बाईंची लाल खूण, बरोबरची, चांगली ठसठशीत.

मागच्या बाकांवर थेंब पुन्हा पडू लागले होते. वकीलबाईचा ड्रॉपर तसाच होता.

"हा प्रयोग आधी किती वेळा केलायस?"

"चाळीसेक वेळा तरी झाला असेल, सर."

बाईंना उगाचच खोकला आला. सरांनी वही मिटली. त्यांची कानशिलं लाल झाली होती.

"अगं, थांबायचं काही एक कारण नाही! ही कसली पद्धत? बघ इकडे." त्यांनी दुसरी नळी घेतली, आम्ल ओतलं, दर्शक घातला, ड्रॉपर भरला. "लक्ष दे. एक. दोन. तीन."

हात थांबला.

सरांची नजर नळीवर नव्हती. ती समोरच्या भिंतीवर लागली होती, जिथे गुंडाळलेल्या पडद्याची दोरी लोंबत होती. बाईंचा हात सवयीने पाण्याच्या बाटलीकडे गेला आणि बाटलीवरच राहिला.

वकीलबाईने सरांच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या. मग चौथा थेंब टाकला. लगेच पाचवा. नळी गुलाबी झाली.

"सर," ती म्हणाली, "माझं झालं."

सरांचा चौथा थेंब तेव्हा कुठे पडला.

त्यानंतर त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. टेबलाशी येऊन प्रमाणपत्रावर न वाचताच सही केली. पेनाचं टोपण काही केल्या नीट बसेना.

"उद्या आमच्याकडे तुम्हीच ना परीक्षक?"

"मीच."

"या," सर म्हणाले. "सावकाश या."

वर्ग रिकामा झाला. वकीलबाई तेवढी मागे रेंगाळली. तिने पाचवा मुद्दा पट्टी लावून एका रेघेत खोडला होता. रेघ बाईंच्या लाल खुणेवरूनही गेली होती.

"बाई, एवढं तपासून देता?"

बाईंनी लाल पेन उघडलं. मग ते तसंच बंद करून बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली.