दरवाज्यापर्यंतची चाल

मी ढोल आहे, तळ्याकाठच्या किल्ल्यावरचा. लोक मला बघून म्हणतात, "बापरे, किती जुना असेल!" तेव्हा मला गप्प बसावं लागतं. इथली लढाई झाली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तोफेचा धूर मी पाहिला तो शनिवार-रविवारचा, पाहुण्यांसाठी केलेला. पण माझ्या आवाजाला लोक मान देतात, आणि त्या मानाचं मी काय केलं हेच आज सांगायचं आहे. सांगताना बरं वाटत नाही.

तळ्यापलीकडच्या डोंगरात एमॉस किट्रेज नावाचा म्हातारा ढोल बनवायचा. त्यानं मेपलची फळी वाफेवर मऊ केली, वाकवली, तिची टोकं जुळवून खिळे मारले. दोन्ही तोंडांवर वासराच्या कातड्याची पानं चढवली, दोऱ्या नागमोडी ओवल्या, त्या ताणायला चामड्याच्या वाद्या घातल्या. खालच्या पानावरून आतड्याच्या तारा नेल्या. त्यांच्यामुळेच माझ्या आवाजात ती करकर येते, जी ऐकून सैन्यात कधी न गेलेली माणसंही पोट आत घेऊन ताठ उभी राहतात. शेवटी त्यानं माझ्या अंगावर गरुड रंगवला. तो जरासा कोंबड्यासारखा झाला आहे.

मला विकत घेतलं वेंडेल ॲशलाइन सरांनी. ते गावच्या शाळेत इतिहास शिकवायचे. उन्हाळा आला की गावातलीच माणसं गोळा करून त्यांना निळे लोकरी कोट नि पांढरे पट्टे घालायचे आणि किल्ल्याच्या पटांगणात उभं करायचे. अर्धेजण ढोलावर, अर्धेजण फाइफवर. फाइफ म्हणजे आखूड आडवी बासरी. तिचा आवाज असा की पाहुण्यांची कुत्री मान वर करून रडू लागतात. भर जुलैत त्या कोटांमध्ये एखादा तरी भोवळ येऊन पडायचाच. सर म्हणायचे, "पडायचं तर रांगेत पडा."

बऱ्याच हातांतून मी गेलो. पण मला खरं वाजवलं ते कोरिन ट्रॉम्बलीनं. ती सरांची जुनी विद्यार्थिनी. हिवाळ्यात शाळेची बस चालवायची, उन्हाळ्यात किल्ल्यावर यायची. मला ती रोज घरी न्यायची, गाडीच्या सीटवर ठेवून पट्टा लावायची. तिचा हात हलका होता, पण ठोका असा पडायचा की पलीकडच्या तटावरून त्याचा प्रतिध्वनी जागच्या जागी परत यायचा.

दुपारच्या कार्यक्रमात एक खेळ असायचा, हकालपट्टीचा. जुन्या काळी गुन्हेगार शिपायाला पलटणीतून कसं हाकलायचे ते दाखवायचं. सार्जंटाचा वेष घातलेला माणूस गर्दीतून एखाद्या धिप्पाड पाहुण्याला ओढून आणायचा, त्याला उलटा कोट घालायचा, गळ्यात पाटी अडकवायचा: 'पहाऱ्यावर प्यायला'. मग हकालपट्टीची चाल सुरू व्हायची. तो माणूस पुढे, मी त्याच्या पाठीमागे. मोठ्या दरवाज्यापर्यंत जायचं. तिथं ढोलवाल्यानं थांबायचं, सगळ्यात धाकट्या बासरीवाल्यानं त्याला मागून लाथ मारल्यासारखं करायचं आणि तो माणूस एकटा पुलावर बाहेर. हा नियम. लोक हसून हसून आइस्क्रीम सांडायचे.

मला तो खेळ फार आवडायचा. सकाळी झेंडा चढवताना मी वाजायचो तेव्हा लोक घड्याळ बघायचे. हकालपट्टीच्या वेळी मात्र लहानमोठे सगळे माझ्याकडे कान देऊन उभे. एका माणसाचं हसं झालं की माझ्या आवाजाला धार चढायची.

कोरिनचे वडील लाइल ट्रॉम्बली. तळ्याच्या या काठावरून त्या काठावर जाणारी फेरीबोट ते चालवायचे. एका ऑक्टोबरात ते पिऊन सुकाणूवर उभे राहिले. बोट धक्क्यावर आदळली आणि मिसेस डुप्रे नावाची म्हातारी डेकवर पडून तिची कंबर मोडली. लाइलचा परवाना गेला. त्या दिवसापासून त्यांनी दारूला हात लावला नाही, पण ते कळायला गावानं त्यांच्याशी बोलायला तर हवं! दुकान उघडताच ते जाऊन पाव-अंडी आणायचे, म्हणजे कुणी भेटायला नको.

बापलेक एकाच घरात राहायचे. टेबलाशी बोलायचे ते फक्त हवेबद्दल आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीतल्या तेलाबद्दल. मी कोपऱ्यात असायचो. ती त्यांच्यावर कधी ओरडली नाही. मला वाटायचं, किती समजूतदार मुलगी!

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी लाइलनं तिच्या कॉफीत दूध ओतता ओतता विचारलं, "आज वाजवणार आहेस ना? येऊ का बघायला?"

तिनं कप आपल्याकडे ओढला. "ये की. गावच्या लोकांना तिकीट नाही."

"मागं उभा राहीन."

"कुठंही उभा राहा, डॅड."

ते आले. खरंच अगदी मागे, तटाच्या सावलीत उभे राहिले. स्वच्छ दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

त्या वर्षी सार्जंट नवीन होता. डेझमंड प्रुइट, बाहेरगावचा नाटकवाला, आवाज मोठा, मन वाईट नाही. गावात कोण कोण आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला फक्त एक धिप्पाड माणूस हवा होता.

"तो मागचा! हो, तूच, धिप्पाड गड्या! लपतोस काय? ये पुढं!"

पटांगणातले पाहुणे हसले. गावातले लोक एकदम गप्प झाले. लाइलनं डोकं हलवलं. डेझमंड त्यांना दंडाला धरून घेऊन आला. "लाजतोय बघा! गुन्हेगार आधी लाजतातच!" त्यानं कोट उलटा करून चढवला आणि पाटी गळ्यात घातली. लाइलनं मान वाकवून ती वाचली. मग त्यांनी हात खाली सोडले आणि उभे राहिले.

गावकऱ्यांतून कुणीतरी ओरडलं, "पाटी तर अगदी मापाची शिवलीय!"

आणि मग गाव हसलं. पाहुण्यांचं हसणं मी रोज ऐकतो, ते उन्हासारखं येतं नि जातं. हे हसणं दोन वर्षं दाबून ठेवलेलं होतं.

सर हातातली काठी उंच धरून उभे होते. त्यांनी ती खाली आणली असती तर सगळं थांबलं असतं. त्यांनी आणली नाही. बासऱ्या सुरू झाल्या. माझ्यावर काड्या पडल्या.

इथं मला जे कळलं ते पटांगणात दुसऱ्या कुणालाच कळलं नाही. कोरिन नाइलाजानं वाजवत नव्हती. तिचा तो हलका हात कुठं गेला होता कुणास ठाऊक. प्रत्येक ठोका ती दात आवळून घालत होती, वडिलांच्या पाठीकडे बघत. जे दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर बोलली नव्हती ते ती माझ्या तोंडून बोलत होती, आणि मी ते मोठ्यानं, चारचौघांत, एकही शब्द न गाळता सांगत होतो. मला दुखत होतं आणि तरी माझा आवाज कधी नव्हता इतका छान लागला होता. लोक टाळ्यांनी ताल धरत होते. लाइल चालत होते. मान खाली, पण पाऊल तालावर.

दरवाज्याशी धाकट्या बासरीवाल्यानं पाय उचललाच नाही. तो गावातलाच होता. लाइल आपणहून बाहेर गेले. कोरिननं शेवटचा ठोका घातला आणि माझं वरचं पान या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं.

लोकांना वाटलं, तोही खेळाचाच भाग. सगळ्यात मोठी टाळी त्याला मिळाली.

नंतर डेझमंड ढोल-बासऱ्या ठेवायच्या कोठीत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. "कोरिन, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"तुझी काही चूक नाही," ती म्हणाली.

सर दारातच उभे राहिले. "चूक माझी आहे. एकदा सुरू झालेली चाल मधे थांबवायची नाही, हे आयुष्यभर शिकवत आलो. आज थांबवायला हवी होती."

तिनं मला उचललं आणि घरी आणलं. त्या दिवशी सीटवर मला पट्टा लावला नाही.

लाइलनं खिमा घातलेले हॉट डॉग करून ताटलीखाली झाकून ठेवले होते. कोट नव्हता, पाटी नव्हती. शर्टाला मात्र गळ्यापाशी दोरीचा काळा डाग पडला होता.

"खाऊन घे."

"नको."

"गार झाले की माती लागतात."

तिनं मला टेबलावर ठेवलं. "पान फाटलं."

"ऐकलं मी. पुलावरच होतो."

"डॅड, मला कुणी जबरदस्ती केली नव्हती."

"माहितीये."

"नाही, तुला माहीत नाही. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही, कारण मला..." तिनं फाटलेल्या पानाची कड दाबून धरली. "मला मारायचंच होतं."

लाइलनं तिच्यासमोरची खुर्ची ओढली. "कोरिन, शाळेत होतीस तेव्हापासून माझ्या बोटीवर, इंजिनच्या आवाजात वाजवायला शिकलीस तू. तुझा हात मला कळणार नाही होय?"

"मग काही बोलला का नाहीस?"

"काय बोलू? ठोका बरोबर होता."

ती हसली की रडली, मला सांगता येत नाही. माझ्या फाटक्या पानावर पाणी पडलं एवढं खरं.

"दोन वर्षं तू या घरात ताटसुद्धा आपटलं नाहीस," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो. रोज वाटायचं, आज बोलेल. आज बोललीस एकदाची."

"सगळ्या गावासमोर."

"गावासमोरच केलं होतं ना मी."

मग ती म्हणाली, "मिसेस डुप्रे अजून काठीनं चालते."

"हो. उजव्या पायाला थोडी ओढ राहिलीय. रविवारी तिची लाकडं फोडायला जातो ना, तेव्हा बघतो."

"तू तिच्याकडे जातोस? मला कधी बोलला नाहीस!"

"बोलण्यासारखं काय आहे त्यात? कंबर माझ्यामुळं मोडली." त्यांनी मला आपल्याकडे ओढून घेतलं आणि दोऱ्या चाचपल्या. "हे कुणी बांधलंय? गाठ बघ, लाज वाटायला हवी. नवं कातडं आहे का तुझ्याकडे?"

कातडं होतं. ते त्यांनी आंघोळीच्या टबात भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ते कड्यावर दुमडून बसवलं आणि बोटीचे दोरखंड हाताळलेल्या त्या हातांनी माझ्या दोऱ्या पुन्हा ओवल्या. "धर. सैल सोडू नकोस. अगं, सैल नको म्हटलं!" "धरलंय, धरलंय, ओरडतोस काय!" ते दोघं एकमेकांवर ओरडत होते, आणि मी मधे. माझ्या पोटात मात्र लाज तशीच होती. ते माझ्यावर मेहनत घेत होते, जणू दुखापत मला झाली होती.

कोरिन हंगामभर किल्ल्यावर गेली. हकालपट्टीच्या वेळी मात्र मला घेऊन कोठीत बसायची. दुसरा ढोल वाजायचा. किल्ल्याच्या समितीला खेळ बंद करायचा नव्हता, पाहुण्यांना आवडायचा.

ऑगस्टच्या शेवटी दुसरा ढोलवाला तापानं आजारी पडला. सरांनी कोरिनकडे बघितलं. ती उठली. लाइल त्या दिवशी तटाशी उभे होते. आता ते अधूनमधून यायचे. बघणारे बघायचे, काहीजण बोलायचेही.

त्या दिवशी डेझमंडनं निवडला तो एक जाडजूड, घामेजलेला पाहुणा. त्यानं दोन्ही हात पुढे करून नकार दिला. बायको म्हणाली, "जा ना, फोटो काढते!" गर्दी ओरडू लागली. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याचं काय होतं मला माहीत नाही. प्रत्येकाचं काहीतरी असतं. डेझमंडनंही ते पाहिलं, पण गर्दी त्याला माघार घेऊ देईना.

तेव्हा लाइल सावलीतून पुढे आले. "त्याला सोड रे. मला घे. मला वाट माहीत आहे."

डेझमंडनं खालच्या आवाजात विचारलं, "नक्की?"

"आण ती पाटी."

त्यांनी स्वतःच ती गळ्यात घातली, सरळ केली. कोरिननं काड्या उचलल्या. नव्या पानाचा आवाज आधीपेक्षा खोल आहे. सरांना तो आवडत नाही, मला आवडतो. ती हलक्या हातानं वाजवत होती. लोक हसले, काहीजण हसले नाहीत. दरवाजा आला. धाकट्या बासरीवाल्यानं लाथेचं नाटक केलं आणि लाइलनं त्याला डोळा मारला. मग ते पुलावर पाऊल टाकून बाहेर पडले.

नियमाप्रमाणे कोरिननं तिथं थांबायचं होतं. ती थांबली नाही. तिनं ठोका बदलला नाही, पाऊल बदललं नाही, मला घेऊन दरवाज्याबाहेर गेली आणि वडिलांच्या शेजारी चालू लागली. इतक्या वर्षांत मी त्या दाराबाहेर कधी वाजलो नव्हतो. पूल ओलांडला, गवत ओलांडलं, गाड्या उभ्या करतात तिथं पोहोचलो. लाइल म्हणाले, "अगं, बास आता. परत जा, सर चिडतील." ती म्हणाली, "चिडू देत," आणि आणखी थोडी पुढे वाजवत गेली.

आता तळं गोठलं आहे. मी ट्रॉम्बलींच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर बसलेलो असतो. खाली दोघं भांडतात, हसतात, भट्टीतलं तेल संपलं म्हणून एकमेकांना बोल लावतात. पुढच्या उन्हाळ्यात तो खेळ राहील की जाईल, अजून ठरलेलं नाही.

माझी लाज गेलेली नाही. त्या खेळात मी किती पाठींमागून चाललो, आणि त्यांतली एकही पाठ मला आठवत नाही. आठवतं ते फक्त हसणं. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. कधी किल्ल्यावर आलात आणि सार्जंटाचं बोट तुमच्या शेजारच्या माणसाकडे वळलं, तर टाळी वाजवण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. मी सुरू झालो की तो काही म्हणाला तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. मी फार मोठ्यानं वाजतो.