खुर्ची सोडून तीन स्टेशनं

हिल्काच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला होता. त्यावर तिचं नाव, जन्मसाल आणि मुलाचा फोन नंबर. जत्रेत हरवू नये म्हणून पोराच्या खिशात चिठ्ठी घालतात ना, अगदी तस्सं! वय शहात्तर, गुडघे शाबूत, अक्कल त्याहून शाबूत. तरी कोपनहेगनला विमानातून उतरताच बाईला चाकांच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर घोंगडी टाकली आणि मदतकक्षाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. झुरिकचं विमान पाच तासांनी होतं.

हे सगळं झुरिकला राहणाऱ्या तिच्या लेकाचं, योउनीचं कर्तृत्व. तिकीट काढताना त्याने परस्पर लिहून दिलं होतं की आईला चालता येत नाही.

"मला चालता येतं," हिल्का म्हणाली.

"येत असेल हो आजी," पिवळ्या जाकिटातला मदतनीस प्रेबेन म्हणाला, "पण कागदावर येत नाही. बसा निवांत. बाथरूमला जायचं असलं तर हात वर करा."

हात वर करा! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलणार काय? चूक तिचीही होतीच. ऑक्टोबरात सरपण आणताना ती पायरीवरून घसरली, मनगट मोडलं. तेव्हापासून योउनीचा रोज फोन. तळ्याकाठचं घर विकू, तुला इथं माझ्याजवळ वृद्धनिवासात खोली घेऊ, चोवीस तास नर्स असते. रोज तेच तेच ऐकून एके दिवशी ती 'बरं' म्हणून मोकळी झाली. उद्या अकरा वाजता झुरिकच्या वकिलाकडे मुखत्यारपत्रावर सही करायची होती. एक सही, की घर गेलं.

आणि ते 'बरं' तिच्या तोंडून का निघालं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चाळीस हिवाळे ही बाई आपल्या फिनिश गावात बर्फात भोक पाडून रोज तळ्यात उतरली होती. या हिवाळ्यात एकदाही नाही. हाड डिसेंबरात जुळलं, डॉक्टरने हिरवा कंदीलही दाखवला. पण टॉवेल घेऊन ती दारापर्यंत जायची आणि परत यायची. घाबरली होती. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

काचेपलीकडे, धावपट्टीच्या टोकाला, समुद्राची राखाडी पट्टी दिसत होती. तासभर ती तिकडेच बघत बसली. मग प्रेबेन कॉफी आणायला गेला.

हिल्का उठली. घोंगडी काखेत मारली आणि सरळ चालायला लागली. कोण अडवतंय बघू!

विमानतळावरून सुटणाऱ्या मेट्रोला चालकच नव्हता. "हिला कुणी सांभाळत नाही, तरी धावतेय की," ती पुटपुटली. तिसऱ्या स्टेशनावर उतरली. दहा मिनिटं चालल्यावर वाळू लागली, तिच्यापुढे लाकडी धक्का, धक्क्याच्या टोकाला शिडी. तिच्याच वयाची एक बाई पाण्यातून वर येत होती, उकडलेल्या खेकड्यासारखी लाल आणि अंगावर एक धागा नाही.

"आज मस्त आहे हो!" ती डेनिशमध्ये ओरडली. "मी बोडिल. तुम्ही पोहायला आलात?"

शाळेत बळजबरीने घोकलेलं, डेनिशशी मिळतंजुळतं स्वीडिश साठ वर्षांनी उपयोगाला आलं. "चौकशीला आलेय," हिल्का म्हणाली.

"कसली चौकशी?"

"मी अजून शिल्लक आहे की नाही, याची."

बोडिल खो खो हसली आणि अंग पुसायला लागली. हिल्काने कपडे उतरवले, नीट घडी घालून बुटांवर ठेवले. मार्च महिन्यातला वारा पाठीला झोंबला. शिडीच्या पहिल्या पायरीवर ठीक होतं. तिसऱ्या पायरीवर मोडलेल्या मनगटावर भार आला आणि ती थांबली. भीती वाटली, खोटं कशाला बोला! परत फिरावंसं वाटलं.

बोडिल वाकली. "हात देऊ?"

"अजिबात नको!"

आणि ती उतरली. पाण्याने बरगड्या आवळल्या, श्वास अडकला. पुढचे चार क्षण फार वाईट गेले. मग छाती हळूहळू सैल झाली, हात आपोआप हलू लागले. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल खुणेपर्यंत गेली, वळली, परत आली. मनगट ठणकत होतं, पण सोबत होतं. तिने फिनिशमध्ये एक सणसणीत शिवी हासडली. इतका आनंद तिला ऑक्टोबरपासून झाला नव्हता.

घोंगडी गुंडाळून ती धक्क्यावर बसते न बसते तोच फोन खणखणला.

"आई! कुठेयस तू? विमानतळावरून फोन आला, खुर्ची रिकामी आहे म्हणून! पोलिसांना कळवायला निघालेत ते!"

"समुद्रावर."

"म्हणजे काचेतून समुद्र दिसतोय तुला?"

"पोहून आले."

मग योउनीचा स्फोट झाला. "वेड लागलंय का तुला? एकटी, परक्या गावात! मेली असतीस तर?"

"मेले असते तर माझी मी मेले असते," हिल्का म्हणाली. दात वाजत होते, पण आवाज नाही कापला. "तुझ्या त्या नर्सबाईला विचारून नाही. ऐक, योउनी. संध्याकाळी मी येते. तुझ्याकडे आठ दिवस राहीन, नातवंडांना गोष्टी सांगीन, मग घरी जाईन. माझ्या घरी. सहीबिही काही करणार नाही. तुला राग यायचा तो येऊ दे."

फोन कट झाला की काय म्हणून तिने कानापासून दूर धरून पाहिला. चालूच होता.

"आई," तो म्हणाला. तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला हे विचारल्यावाचून राहवत नाही. "पाणी किती होतं?"

धक्क्याच्या खांबावर खडूने आकडा लिहिला होता. हिल्काने वाचला. "तीन."

"तीन अंश?"

"तीन."

"मी कधी पाचच्या खाली उतरलो नाही," योउनी म्हणाला.

"ठाऊक आहे मला. काठावर बसून भोकाड पसरायचास."

तो हसला नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. "वकिलाला कळवतो," तो हळूच म्हणाला, "उद्या येत नाही म्हणून."