बिनोदबाबूंनी घातलेलं पेंडीचं पाणी

मी एक जुनी मातीची कुंडी आहे. कृष्णनगरच्या कुंभाराने मला घडवलं आणि शेफालीदींनी गच्चीवर आणलं. आता काठाचा टवका उडालाय. पण मित्रांनो, माझाही एक काळ होता! दर थंडीत शेफालीदी माझ्यात पिटुनिया लावायच्या. कोवळा शेंडा खुडायच्या, म्हणजे रोप चहूकडे फुटायचं. सुकलेली फुलं रोज काढायच्या. मग मी जांभळ्या फुलांनी पार झाकून जायची.

दुपारी त्या माझ्याजवळ बसून चहा प्यायच्या. बिनदुधाचा, लिंबू पिळलेला, ग्लासातून पलीकडची बोटं दिसतील इतका पातळ. त्यांचे यजमान बिनोदबाबू खाली दाट दुधाचा चहा प्यायचे, तोही आयता. गच्चीवर ते कधी फिरकायचे नाहीत.

या पौषात शेफालीदींना इस्पितळात न्यावं लागलं. जाण्याआधी त्या धापा टाकत बिनोदबाबूंना वर घेऊन आल्या.

"अहो, माझ्या पिटुनियाला मारू नका हं! खतासाठी मोहरीची पेंड कुजत घातलीय. पाणी घालून चहासारखी करा, मगच ओता. माघात सरस्वतीपूजेला फुलं बघायला मी येतेच."

"एवढं कळतं गं मला! तू आधी बरी होऊन ये."

बिनोदबाबूंनी मनापासून केलं हो. नाकाला रुमाल बांधून पेंड ढवळली आणि स्वतःच्या चहासारखी दाट ठेवली. मला ओरडावंसं वाटलं, पण मी पडले कुंडी! रोपाने मान टाकली, तेव्हा "उपाशी दिसतंय बिचारं," म्हणत त्यांनी आणखी ओतली. मुळं जळून गेली.

सरस्वतीपूजेला शेफालीदी आल्या, हाडांचा सापळा होऊन. करपलेली काडी बघितली, माती उकरून हुंगली.

"चहासारखी म्हटलं होतं ना?"

"तशीच तर केली. आपल्या चहासारखी."

"आपल्या?" त्या हसल्या. "मी कुठला चहा पिते हो?"

बिनोदबाबूंना खरंच ठाऊक नव्हतं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बिनोदबाबूंना पुढे विचारायची लाज वाटली आणि त्याच आठवड्यात शेफालीदी गेल्या.

मित्रांनो, झाडांची निगा राखा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. ज्यांच्या हातचं रोज खाता, त्यांना काय आवडतं, ते ती माणसं असताना विचारा. बिनोदबाबू आता रोज गच्चीवर येतात. माझ्यात काही लावलेलं नाही, तरी पाणी घालतात. काठावर हात ठेवून विचारतात, "तिचा चहा कसा असायचा गं?"

मला ठाऊक आहे. पण सांगणार कशी?