लग्न व्हायचंय त्याचं

तुम्हाला माहीत होतं, साहेब. मान हलवू नका.

परवा तुमचा मुलगा मिक्सिंगला आला. नवा इंजिनीअर, बाह्या सरसावून. प्लास्टिक मऊ करायचं तेल मी ड्रममधून ओतत होतो, तो वाकून बघत होता. तुम्ही धावत आलात. "याला पॅकिंगला घाला," फोरमनला म्हणालात, "लग्न व्हायचंय त्याचं अजून."

माझा हात तिथंच थांबला.

चौदा वर्षं ते तेल ओततोय. मास्क मागितला, तर म्हणालात, "अरे, पाणी आहे ते!" अंगावर सांडलं, तसाच घरी गेलो. आमच्या पाळीत सहा जण. चौघांच्या घरी पाळणा नाही. पॅकिंगवाले चिडवायचे, "मिक्सिंगवाले जन्मभर ढवळतात, निघत काहीच नाही!" आम्हीही हसायचो. बावळट.

घरी आई माझ्या बायकोला वांझोटी म्हणायची. माझ्यासमोर. मी खाली मान घालून जेवायचो. तिच्या तपासण्या, इंजेक्शनं, दोन ऑपरेशनं. आणि माझी तपासणी? "मला काय धाड भरलीय?" म्हणत आठ वर्षं टाळली. ती चूक माझी, तुमच्या गळ्यात घालत नाही. शेवटी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोष तुमच्यात आहे. त्या तेलामुळंच, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण अशी काही रसायनं हार्मोन्समध्ये घोळ घालू शकतात. कामावर कुणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. पोटच्या पोराला मात्र ओढून बाहेर काढलंत.

काल तुमचं वाक्य बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पुन्हा सांगा. कसं म्हणाले?"

सांगितलं.

"उद्या मी येते."

"तू येऊन काय करणार?"

"बघणार. इतकी वर्षं सगळे मला बघत होते."

ती बघा, केबिनच्या दारात उभी आहे. खुर्ची नको तिला. हा त्याच तेलाचा ड्रम मीच लोटत आणलाय, झाकण काढलंय. एसी चालू राहू द्या. वॉचमनला बोलवायचंय? बोलवा. त्यालाही पोर नाही, तोही आधी मिक्सिंगलाच होता.

अकरा वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या लग्नाला आला होतात, साहेब. पोटभर जेवलात. हिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "लवकर गोड बातमी द्या."

तो हात ठेवताना तुम्हाला काय माहीत होतं? माझ्याकडं बघू नका. तिच्याकडं बघा आणि बोला.