साखरेचा घोडेस्वार

“भूमध्य समुद्रातल्या बेटांत सगळ्यात जास्त माणसं आपल्या सिसिलीवर, अठ्ठेचाळीस लाख!” रेडिओवरचा माणूस तोऱ्यात म्हणाला.

“मग आमच्या वाट्याची कुठे उलथली?” म्हणत वेनेरानं रेडिओ बंद केला आणि साच्यातून साखरेचा घोडेस्वार अलगद सोडवला.

उद्या मृतांचा दिवस. घरातली मेलेली माणसं त्या दिवशी पोरांसाठी खाऊ ठेवून जातात, म्हणून सासूच्या काळापासून या दुकानात साखरेच्या बाहुल्या होत. पूर्वी शंभरही पुरत नसत. जूनमध्ये गावची शाळा बंद पडली. यंदा तिनं एकच बाहुली केली होती, शेजारच्या आल्फियोच्या जर्मनीतल्या नातवासाठी.

आल्फियो आला तो मान खाली घालूनच. “वेनेराताई, राहू दे गं. सुनेचा फोन होता. खाऊ मेलेली आजी पाठवते हे ऐकून पोरगं भ्यायलं म्हणे. नका पाठवू म्हणाली.”

“सख्ख्या आजीला भ्यायलं?” वेनेरा कडाडली. “आणि काल हॅलोविनला भुताचा मुखवटा लावून दारोदार गोळ्या मागत हिंडलं, तेव्हा नाही भ्यायलं?”

आल्फियो दाराकडे वळला. तिनं घोडेस्वार कागदात गुंडाळून त्याच्या हातात कोंबला.

“उद्या बायकोच्या कबरीवर जाशीलच. तिथं ठेव हा. म्हणावं, गावातली गर्दी आता तुमच्याकडेच आहे. इथं खायला पोर उरलं नाही, म्हणून तुमचा खाऊ परत आणलाय.”