पियानो लावणाऱ्या क्लॅरीची अर्धी मोटार

मित्रांनो, मी धड मोटार नाही आणि धड ट्रकही नाही. पुढून पाहाल तर वाकदार मडगार्डं, पितळी दिवे, एके काळची सगळी ऐट. मागून पाहाल तर खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेला हौदा. याराबिन गावात मला बघायला येणारे पाहुणे माझ्याभोवती फिरतात आणि म्हणतात, "मंदीत लोकांनी काय डोकं चालवलं, बघा!" डोकं चाललं, हे खरं. त्यापायी काय गेलं, ते मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

मी इथे आले ती क्लॅरी पेंगेलीची मोटार म्हणून. क्लॅरी लोकांचे पियानो सुरात लावायचा. गव्हाला भाव होता तोवर खुरट्या मॅली झुडपांच्या या वैराण मुलखातही घराघरांत पियानो होते, आणि उन्हाने, धुळीने ते सारखे सुरातून उतरायचे. माझ्या मागच्या चामडी सीटवर त्याच्या हत्यारांची पेटी असे आणि पुढे त्याच्याशेजारी त्याची बायको एनिड. क्लॅरीचा कान असा की माझा एखादा व्हॉल्व्ह नुसता सैल होऊ लागला तरी तो मैलभर आधी ओळखायचा. "हिला खोकला येणार आहे," असं म्हणून रस्त्यातच बॉनेट उघडायचा. इतक्या मायेने माझं बोलणं पुन्हा कोणी ऐकलं नाही.

मग मंदी आली. स्टेशनवर गव्हाच्या पोत्यांच्या थप्प्या भिजत पडल्या. पियानो लावायला कोण बोलावणार? मेलबर्नच्या चुलींना मात्र जळण हवंच होतं. मॅलीच्या झुडपांची जमिनीतून उपटलेली मुळं गाडीभरून स्टेशनवर नेली की पोटापुरतं सुटायचं. पण त्याला ट्रक हवा.

एका रविवारी सकाळी शेजारचा विक लोहार करवत घेऊन आला.

"बघ हं क्लॅरी," तो म्हणाला, "एकदा कापली की पुन्हा जोडता येणार नाही."

"काप," क्लॅरी म्हणाला. "सीटचं चामडं उकडून खाता आलं असतं तर बायकोने ते आधीच शिजवलं असतं."

एनिड हसली नाही. करवत चालली तेवढा वेळ ती घरात जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत माझी मागची सीट त्यांच्या ओसरीवर बाक म्हणून गेली होती, आणि मी ट्रक झाले होते.

मित्रांनो, माझ्या हौद्यात पहिलं ओझं मुळांचं नव्हतं. शाळेच्या ऑजर्सबाईंनी आपला पियानो विकला होता आणि तो स्टेशनवर न्यायचा होता. क्लॅरीने स्वतःच्या हाताने त्याला गोधड्या गुंडाळल्या.

"गेली नऊ वर्षं तूच लावलास," बाई म्हणाल्या. "आता तूच घेऊन चाललास."

"दुसऱ्या कोणी आपटला असता, बाई."

"म्हणून तर तुला बोलावलं."

वाटेत प्रत्येक खड्ड्याला मागून तारा झणझणत होत्या.

त्यानंतर मुळंच मुळं. दुसऱ्याच वर्षी एका खुंटाला अडकून माझा सायलेन्सर तुटला. मी अशी भडभडू लागले की कोंबड्या कुंपणावरून उडायच्या. त्यात क्लॅरीच्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर. सगळा आवाज त्याच्या कानांवर कोसळायचा. विक म्हणायचा, "तू निघालास की मेलबर्नला कळतं, चूल पेटवायला घ्यावी." एनिड मात्र रोज मागे लागायची.

"अरे, तो सायलेन्सर बसवून घे ना!"

"आवाजाने मुळं कमी जळतात का? आधी टायर. मग बघू."

ते 'मग' सहा वर्षं आलं नाही. दर वेळी टायर, पीठ, बूट, काहीतरी पुढे यायचं. मला सगळं कळत होतं. माझाच आवाज तो. पण थांबवणं माझ्या हाती नव्हतं. हळूहळू क्लॅरी दर बोलण्याला "काय?" म्हणू लागला. एनिड मोठ्याने बोलू लागली आणि बाहेर कोणाला काही सांगेना.

दिवस पालटले. गावाच्या सभागृहाने जुना पियानो घेतला आणि ऑजर्सबाईंनी आपणहून क्लॅरीचं नाव सुचवलं. त्या शनिवारी दुपारी त्याने ठेवणीतला कोट घातला. मी सभागृहाच्या खिडकीखाली उभी होते, एनिड आत त्याच्याजवळ बसली होती. दोन तास तो एकेक तार ताणत होता, कान लाकडाला टेकवून. मग बाई वाजवायला बसल्या. चार ओळी वाजवल्या, वरचे सूर बेसूर निघाले आणि त्यांचे हात थांबले.

"वरचे सूर कसे आहेत, बाई?"

"अगदी बरोबर आहेत, क्लॅरी. छान लागलाय!"

क्लॅरी त्यांच्याकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "बाई, तुम्ही कधी ओरडून बोलत नाही. आज मला तुमचा शब्दन् शब्द ऐकू आला."

एनिडने मान खाली घातली. क्लॅरीने हत्यारांची पेटी मिटली आणि ती पियानोवरच ठेवली. "दुसरा माणूस बोलवा. त्याला ही देऊन टाका. चांगली हत्यारं आहेत."

बाहेर येऊन त्याने मला सुरू केलं. माझा आवाज तेवढा त्याला अजून नीट ऐकू येत होता.

सोमवारी त्याने विककडून नवा सायलेन्सर बसवून घेतला. पैसे किती, हेही विचारलं नाही. त्या दिवसापासून मी शहाण्यासारखी हळू आवाजात चालू लागले. आणि त्या दिवसापासून मला सुरू केल्यावर क्लॅरी खाली उतरून माझ्या बॉनेटवर हात ठेवू लागला, इंजिन चालू आहे की नाही ते पाहायला.

मित्रांनो, वेळ आली तर मोटार कापा. मी त्याचा राग धरला नाही. पण घरातलं माणूस "काय?" म्हणू लागलं, तर टायर थांबवा, पीठ उसनं आणा, पण आधी त्याच्याकडे बघा. माझा तुटलेला भाग एका सकाळीत नवा मिळाला. तसा क्लॅरीला मिळाला नाही.